आत्याचे पान

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या मराठी गल्ल्यांत एखाद्याने पैसे किती घेतले हे विचारताना 'किती लावले?' म्हणत. भाजीवालीने वांगी काय लावली, टॅक्सीवाल्याने तिरुवैयारुला जायचे किती लावले. साधा, रोजच्या वापरातला शब्द. मग गच्च्यांवर टीव्हीच्या छत्र्या उगवल्या, कोपऱ्यावर एसटीडीचे बूथ आले आणि दोन-तीन वर्षांत या शब्दाला शिंगे फुटली. 'त्याने मला लावले' म्हणजे लुबाडले. शेजारचे तमिळ लोक अशा वेळी 'मोट्टै अडिच्चान', म्हणजे मुंडण केले, असे म्हणत, आणि त्यात निदान राग असे. आमच्या लोकांनी त्याचे कौतुक करून ठेवले. सांगून आलेल्या स्थळाबद्दल बायका म्हणू लागल्या, "पोरगा चांगला लावतो हो!" ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड होई.

असा सगळ्यांत चांगला लावणारा म्हणजे माझा आतेभाऊ.

त्याचे वडील आमच्या लोकांच्या लग्नामुंजींचे आचारी होते. सामानाची यादी देत, सांडलवंड न करता रांधत, पण पैशांचा आकडा त्यांनी कधी तोंडातून काढला नाही. नारळ-विड्याबरोबर हातावर पडेल ते घेत. पंगती उठल्या की घरचा कर्ता पुरुष स्वतः त्यांचे पान मांडून वाढी, तोवर ते जेवत नसत. ते गेल्यावर मुलाने छापील कार्ड काढले. तांदळापासून वाढप्यांपर्यंत सगळा मक्ता त्याचा, आणि दर पानामागे. जेवढी केळीची पाने उष्टी होतील तेवढे पैसे. कार्डावर वर बापाचे नाव, खाली 'यांचे चिरंजीव'. बापाचे नाव विकून खाणारे पुष्कळ पाहिले, पण याने ते छापून वाटले.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात वडिलांनी त्यालाच बोलावले. सख्ख्या बहिणीचा मुलगा असताना दुसऱ्याकडे कसे जायचे, हे त्यांचे म्हणणे. मी नको नको म्हणत होते.

मंगल कार्यालयाच्या मागच्या दारी उष्ट्या पानांचे टोपले होते. त्याच्याशेजारी स्टुलावर त्याचा माणूस शाळेची वही घेऊन बसलेला. पान पडले की रेघ. पंगतीतले एक पान फाटले म्हणून बदलले, त्याच्या दोन रेघा. सनईवाल्यांच्या रेघा. घास न खाता झोपलेल्या तीन वर्षांच्या पोराचीसुद्धा रेघ! मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारा माणूस असाच दिसत असणार, सेंट लावून, कमरेला पेजर अडकवून.

आत्या पहाटेपासून स्वयंपाकघरात होती. सांबाराचे मीठ तिने चाखले, पुरण तिने वाटून घेतले. शेवटच्या पंगतीत मी तिला हाताला धरून बसवले आणि वाढले. ती मान खाली घालून भराभर जेवली. मग पान गुंडाळून पदराखाली घेतले आणि टोपल्याकडे न जाता बाजूच्या दाराने बाहेर गेली. मी मागोमाग गेले. भिंतीच्या आडोशाला उभी राहून ती ते पान गाईला चारत होती.

"अगं, हे काय?" मी म्हटले.

ती दचकली. "अस्की माणसे जेवली की नाही? सगळी जेवली, झाले. माझे एक पान कशाला धरायचे त्यात? तुझ्या बापाने किती म्हणून द्यायचे?"

स्वतःच्या पोराच्या मोजणीतून आपल्या भावाला वाचवायला ती बाई चोरासारखी उभी होती. मला तिची कीव आली नाही. त्याची किळस आली, आणि आपल्या सगळ्यांचीही, कारण आम्ही त्याला हुशार म्हणत होतो.

संध्याकाळी तो हिशेब घेऊन वडिलांपुढे बसला. तीनशे अकरा पाने. मी चार माणसांत म्हटले, "एक राहिले. तुझ्या आईचे. ते गाईने खाल्ले."

तो जराही ओशाळला नाही. हसत म्हणाला, "अम्माचे फ्री, मामा. तिला कुठे लावायचे?" आणि उपकार केल्यासारखा त्याने वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

वडील भांडणारे नव्हते. त्यांनी तो हात बाजूला केला, ठरलेल्या पैशांवर आणखी एका पानाचे पैसे ठेवले आणि म्हणाले, "माझी बहीण माझ्या मांडवात जेवली. तिचे पान मी फुकट घालत नाही."

आत्या दारात येऊन उभी होती. आता तरी हा पैसे परत सारील असे मला वाटले. त्याने आईकडे पाहिले, पेन काढले, तीनशे अकरा खोडून तीनशे बारा केले आणि पैसे खिशात घातले.