अबोलीपायी धरलेला अबोला

रझिया आपा स्वतःच्याच अंगणात चोरासारख्या चालायच्या. एक पाऊल इकडे, एक तिकडे. फाटक गाठायला पाच मिनिटं. कारण अबोली. कन्नडच्या रानातून कधीतरी एकच रोप आणलेलं. पुढं ती आपली आपणच कडुनिंबाखाली, पायवाटेवर, मोरीच्या कडेला उगवत गेली. दूधवाल्याला त्या ओरडायच्या, "देख के, भैया! बच्चे सोये हैं." मी म्हणायची, "आपा, उपटा की थोडी." "मर्जी से आयी, भाभी. मैं कौन निकालनेवाली?"

चिकलठाण्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. आपा एकट्या, मुलगी पुण्याला. मी तेव्हा पन्नाशीची, अक्कल मात्र पाचवीतली. संध्याकाळी पाइप धरून झाडांना पाणी घालायला लागले की भिंतीपलीकडून टक् टक् बारीक खडे यायचे. गालावर, चष्म्यावर. पलीकडे आपा खुर्चीत, आपल्याशीच हसत.

"खडे मारता व्हय मला?"

"तुम्हाला? काहून?" म्हणाल्या, आणि पुन्हा हसल्या.

झालं! मी अबोला धरला. चांगला आठ महिने. समोर दिसल्या की मान अशी वळवायची, की मानेलाच लचक भरली एकदा.

मग एका संध्याकाळी आपा शहागंजला गेलेल्या, घराला कुलूप, तरी खडा आला. उचलून पाहते तर चपटं, तपकिरी बी. माझ्याच पाइपचे शिंतोडे भिंतीपलीकडच्या अबोलीच्या वाळल्या बोंडांवर पडत होते आणि भिजली की बोंडं फुटून बी उडवत होती. म्हणजे मी रुसले होते अबोलीवर!

सकाळी धपाटे घेऊन गेले. "आपा, चुकलं माझं. इतके दिवस बोलले नाही."

"कब नै बोले? काल तर चहा पिला ना आपण."

थट्टा समजून मी हसले. त्यांनी गॅसवर भांडं ठेवलं. भांड्यात पाणीच नव्हतं.

पंधरा दिवसांत मुलगी न्यायला आली. सामान गाडीत ठेवताना तिनं विचारलं, "आंटी, अम्मी कधीपासून विसरायला लागली? तुम्ही तर रोज बोलत असाल."

"आत्ताआत्ताच," मी म्हणाले.

गाडीत बसलेल्या आपा मध्येच म्हणाल्या, "भाभी को सब मालूम है. रोज तो बैठते हम."

विसरून म्हणाल्या, की मला सांभाळून घेतलं? मला अजून ठरवता आलेलं नाही.