मेजरच्या पायाखालची रिकामी जागा

थोरल्या भावाच्या तोंडून धाकटीचं कौतुक ऐकायचा लोकांना कंटाळा येतो. येऊ दे. त्या खटल्यात वकील कोण होता, न्यायाधीश कोण होता, हे न्यूयॉर्कच्या पेपरांनी पानंच्या पानं छापलं. खटला जिंकून दिला कुणी, ते मात्र एका ओळीतही आलं नाही. जिंकून दिला आमच्या फिलोमेनाने. फिलोमेना स्कार्पेलो, राहणार ब्रुकलिन, उंची पाच फूट एक इंच, शिक्षण आठवीपर्यंत. म्हणजे घरात सगळ्यांत जास्त.

पप्पा कबरीच्या दगडांवर नावं कोरायचे. बाकीची पोरं दगड ढकलायला असायची, फिलोमेना अक्षरं बघत बसायची. दोन अक्षरांमध्ये किती हवा सोडायची, हे तिला कुणी शिकवलं नाही, तिने बघून घेतलं. दहा वर्षांची असताना तिने एका मेलेल्या खाटकाच्या नावातली चूक छिन्नी लागायच्या आधी पकडली होती. खाटकाची विधवा त्यानंतर दर ईस्टरला घरी सॉसेज पाठवायची.

एकेचाळीस साली ती पेलहॅम कॉमिक्समध्ये लागली. एका बटणांच्या कारखान्याच्या वर दोन खोल्या, तिरक्या टेबलांवर वाकलेली माणसं आणि सगळीकडे शाईचा वास. तिथे सार्जंट स्कायलाइन जन्माला यायचा. खांद्याला पिवळं कापड बांधून उडणारा, आगगाड्या अडवणारा गडी. चित्र काढायचा एडी मॅकगोवन. पेन्सिलीचं पान तयार झालं की ते फिलोमेनाकडे यायचं आणि ती पात्रांच्या तोंडाजवळच्या फुग्यांमधली अक्षरं लिहायची. म्हणजे सार्जंट आठ वर्षं जे काही बोलला, ते सगळं हिच्या हातून बोलला. पान कितीही घाईचं असो, तिची ओळ कधी वाकली नाही. छापखानेवाले म्हणायचे की ही बाई पट्टी गिळून आली आहे.

आता या धंद्यात एक रीत आहे आणि ती कुणी बाहेर सांगत नाही. प्रत्येक कंपनीत कात्रणांची एक पेटी असते. पेपरात, मासिकात चांगला पळणारा माणूस दिसला, चांगला ठोसा दिसला, की तो कापून पेटीत टाकायचा आणि अडलं की त्यावरून उतरवून घ्यायचा. सगळेच करतात. पेलहॅमची पेटी फिलोमेनाकडे होती. दुसरीकडे पोरं नुसता माणूस कातरून घेतात. हिने ते कधी चालू दिलं नाही. कुणी कात्री घेऊन आला तर त्याच्या हातावर पट्टी मारायची. पेपराचं आख्खं पान घडी घालून ठेवायचं, वर पेपरचं नाव आणि तारीख, असा तिचा नियम. एडी तिला म्हणायचा, "फिल, तू चर्चमध्ये नोकरी करायला हवी होतीस. तिथे संतांची हाडंसुद्धा अशीच तारीख घालून ठेवतात."

एकोणपन्नास साली कॉर्टलँड कंपनीने दावा ठोकला. मोठी कंपनी. त्यांचा उडणारा मेजर मेरिडियन रोज दोनशे पेपरांत चित्रपट्टीच्या रूपात छापून यायचा. त्यांचं म्हणणं, तुमचा सार्जंट म्हणजे आमच्या मेजरची चोरी, तो बंद करा आणि भरपाई द्या. सार्जंट बंद म्हणजे पेलहॅम बंद. एकतीस माणसं रस्त्यावर. त्यात एडीने एका बातमीदाराला सांगून टाकलं होतं की मेजर मेरिडियनचं एकही चित्र माझ्या टेबलावर कधी आलेलं नाही. तेही छापून आलं, फोटोसकट.

मालक ग्रॉसबर्ग घाबरला. वाईट माणूस नव्हता, पण घाम फार यायचा त्याला. एका दुपारी त्याने फिलोमेनाला बोलावलं आणि पेटी तळघरातल्या भट्टीत टाकून ये म्हणाला. पेटीत मेजर मेरिडियनची दोनशेच्या वर पानं होती आणि त्यातल्या निम्म्यांवर नक्कल करायला एडीने पेन्सिलीने चौकटी आखलेल्या होत्या.

ती पेटी घेऊन खाली गेली. रखवालदाराने भट्टीचं दारही उघडून दिलं. पण आठ वर्षं जपलेली पानं अशी न बघता टाकवेनात, म्हणून एकेक उघडून टाकू लागली. तीन पानं गेली. चौथं हातात धरलं आणि ती थांबली. मेजरच्या पट्टीखाली काहीच नव्हतं.

अशा पट्टीखाली मालकीचा हक्क सांगणारी ओळ असते. गोलात सी, साल, कंपनीचं नाव. सार्जंटच्या प्रत्येक गोष्टीच्या पहिल्या पानाखाली ती ओळ फिलोमेनाच लिहायची, मुंगीएवढ्या अक्षरांत. ती ओळ न घालता छापलं तर आमच्याकडच्या कायद्याने ते चित्र सगळ्यांचं ठरतं, हे कॉमिक्समधल्या झाडूवाल्यालाही ठाऊक. तिने पुढचं पान उघडलं. नाही. त्यापुढचं, नाही. पेपरवाले जागा वाचवायला पट्टीची खालची कड उडवून छापत होते आणि कॉर्टलँडने कधी तपासलं नव्हतं. आठ वर्षं पेलहॅमच्या चित्रकारांनी त्या पानांवरचे दंड बघितले, मांड्या बघितल्या. पायाखाली कुणी बघितलं नाही. हिनेही नाही, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

पेटी घेऊन ती परत वर आली. पेलहॅमचा वकील पर्लस्टीन ग्रॉसबर्गकडेच बसला होता. त्याने वीसेक पानं उलटली, चष्मा काढला आणि म्हणाला की हे कागद आपल्याला तारतील किंवा फाशी देतील, बहुतेक दोन्ही. कारण पेटी कोर्टात गेली की चौकटीही जाणार. आणि पेटी जिने ठेवली तिलाच साक्षीला उभं राहावं लागणार, खोटं एक अक्षर न बोलता. नको असेल तर नको म्हण, म्हणाला. ग्रॉसबर्ग नुसता कपाळावर रुमाल फिरवत राहिला.

तिने आधी एडीला गाठलं. कोपऱ्यावरच्या खानावळीत तो हॅम सँडविच खात होता. आठ वर्षं शेजारी बसलेली माणसं ती. आमच्या घरी बाप्तिस्म्याला, लग्नाला तो हटकून यायचा आणि आमच्या आईच्या हातचे मीटबॉल मोजून बारा खायचा. तिने सगळं सांगितलं.

"मी चोर ठरेन, फिल."

"तू उतरवून घेतलंस. सगळे घेतात."

"सगळ्यांचा फोटो पेपरात नाही आला."

"मग तुझी नोकरी वाचवू की तुझा फोटो? दोन्ही नाही जमत मला."

"मला मालकाचा कुत्रा म्हणतेस आणि तू कोण?" तो भलतंच काहीतरी बोलला, तसं ती म्हणालीही नव्हती. सँडविच तसंच टाकून तो निघून गेला.  ती त्याचं आणि स्वतःचं बिल देऊन कामावर परत आली.

तिच्या साक्षीच्या दिवशी कोर्टात स्कार्पेलोंची आख्खी एक रांग होती. आईने काळी टोपी घातली होती, पप्पांनी लग्नातला सूट. कॉर्टलँडचा वकील उंच, पांढऱ्या केसांचा, आवाज असा की देवळात घुमावा. पर्लस्टीनने पानं दाखवून झाल्यावर तो उठला आणि अगदी गोड आवाजात विचारलं की मिस स्कार्पेलो, कात्रणं म्हणजे कापलेलीच ना? मग आमची ओळ तुमच्याच कात्रीने गेली नसेल कशावरून?

फिलोमेनाने पान उघडून त्याच्यासमोर धरलं.

"मी कापत नाही, साहेब. पान आख्खं आहे. हे बघा, मेजरच्या पायाखाली लगेच दुसरी, त्या जाड्या स्वयंपाकिणीची पट्टी सुरू होते. मी कापली असती तर तिची टोपी आधी गेली असती."

न्यायाधीशाने पान मागवलं आणि टोपी बघितली. मागे कुणीतरी हसलं.

वकिलाचा गोडवा संपला. या पेन्सिलीच्या चौकटी कशासाठी, त्याने विचारलं. चित्र उतरवून घ्यायला, ती म्हणाली. कुणी आखल्या?  एडी तिसऱ्या रांगेत बसला होता, मान खाली घालून. तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

"एडी मॅकगोवनने. आणि पानं त्याच्या हातात मी दिली."

वकिलाला हवं ते मिळालं असं त्याला वाटलं. पण न्यायाधीशाने सात आठवड्यांनी निकाल दिला तो असा: नक्कल झाली, हे खरं. पण ज्या पट्ट्यांवर हक्काची ओळ नाही त्या कुणाच्या मालकीच्या राहिल्या नाहीत, त्यांची नक्कल करायला कुणाची परवानगी लागत नाही. पेलहॅम जिंकलं. आज कुठल्याही स्टॉलवर वीस-बावीस उडणारे गडी टांगलेले दिसतात, हिरवे, लाल, एक तर पोपटासारखा. एका कंपनीच्या तिजोरीत बसायचे ते सगळ्या आभाळात सुटले. कुणी सोडले, ते स्टॉलवाल्याला विचारून बघा. सांगता यायचं नाही.

निकालाच्या दिवशी ग्रॉसबर्गने सगळ्यांना जेवण दिलं. एडी आला नाही. नक्कल करणारा म्हणून पेपरांनी त्याला 'आरशातला मॅकगोवन' असं नाव ठेवलं होतं. तो कामावर यायचा, पण टेबल त्याने खिडकीकडे हलवलं आणि पानं दुसऱ्याच्या हाती पाठवायचा. फिलोमेना अक्षरं लिहून तशीच परत करायची. घरी ती याबद्दल बोलायची नाही. आईने एकदा विचारलं, एडीला ताप-बिप आहे का, तर ती उठून भांडी घासायला लागली.

असे चार महिने गेले. पेटी तिच्या टेबलाखाली होती, पण एडीने त्या काळात एकदाही मागितली नाही. मग एका सकाळी तो स्वतः उठून आला आणि एक पान तिच्यासमोर ठेवून उभा राहिला. सार्जंट पुलावरून उडी मारत होता. अशी उडी पेटीतल्या कुठल्याही पानात नव्हती, पेटी हिच्याइतकी कुणाला पाठ नव्हती. कागद खोडून खोडून मऊ झाला होता.

तिने पान नीट बघितलं. घाई केली नाही.

"डावा हात लांब झालाय."

"माहितीये," एडी म्हणाला. "चार वेळा काढला."

तिने पट्टी लावली, लेखणी शाईत बुडवली आणि पहिल्या फुग्याला सुरुवात केली. तो जागेवर गेला नाही. तिथेच उभा राहून बघत राहिला.