मुकी बाटली

भिंगारच्या बाजारामागं मी चाळीस वर्षं बाटल्यांचं दुकान चालवलं. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड आणि आत आढ्याला टेकलेल्या गोण्या. शिक्षण तिसरी. पण बाटली हातात आली की ती पुन्हा भरण्याजोगी आहे का, हे मी डोळे मिटून सांगायचो. उजव्या हाताच्या बोटात लोखंडाचं वळं आहे. त्यानं बाटलीच्या पोटाला टिचकी मारायची. धड बाटली टणकन बोलते. जिला केसाएवढी चीर गेलीय, ती नुसती थप करते. तिला आम्ही मुकी म्हणतो. मुकीची चीर डोळ्यांना दिसत नाही. गार पाणी भरा, वर्षभर चालेल. कढत काही ओतलं की बूड गळून पडतं.

दुकान बंद केलं आणि पालिकेनं काचेचं केंद्र काढलं, ते नेमकं माझ्या शेडासमोर. घरोघरची काच तिथं यायची. फुटकी भट्टीला जायची. धड बाटल्या धुऊन बचत गटाच्या बायकांना सरबत भरायला द्यायच्या. या कामावर देखरेख करायला वस्तीतलाच एक माणूस पाहिजे होता. पगार नाही, गळ्यात फोटोचं कार्ड. मला ते कार्ड पाहिजे होतं, उगाच लपवायचं कशाला?

पालिकेच्या साहेबानं विचारलं, "बाबा, शिक्षण?"

"तिसरी. पण बाटलीचं म्हणाल तर..."

पुढचं त्यानं लिहूनच घेतलं नाही.

कार्ड गेलं शेजारच्या मास्तरला. तिसरीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. मी बापाच्या हातगाडीमागं गेलो, तो शिकत गेला. आता पेन्शन खातो. अक्षर मोत्यासारखं, कानाला मशीन. आयुष्यात त्यानं एक बाटली पारखली असेल, तर ती शाईची.

त्यात आमची मंडळी तिथंच बाटल्या धुवायला लागली. पस्तीस वर्षं माझ्या शेडात धुतल्या तेव्हा कधी हसली नाही. आता संध्याकाळी भाकरी थापताना हिचं एकच.

"आज सर म्हणाले, काच कितीदाबी वितळवा, ती काचच राहती."

"हे मी तुला लग्नाच्या वर्षी सांगितलं हुतं."

"तुमी वरडून सांगितलं हुतं. सर समजावून सांगतात."

मी ताटावरून उठलो. भूक होती, तरी उठलो.

मग मी समोरच्या चहाच्या टपरीवर ठाण मांडलं. मास्तर खुर्चीत बसायचा, एकेक बाटली उन्हाकडं धरून बघायचा आणि वहीत बरोबरची खूण करायचा. जणू पोरांचे पेपर तपासतोय. खुणेची बाटली क्रेटमध्ये जाताना शेजारच्या बाटलीवर आपटायची. टण, टण, टण, थप. रस्त्यावरून टेम्पो जात होते तरी मला ती थप ऐकू आली. थोड्या वेळानं आणखी एक.

तोंडापर्यंत शब्द आला होता. तेवढ्यात साहेबाची गाडी आली. साहेबानं वही चाळली, मास्तरच्या पाठीवर हात ठेवला. मी शब्द चहाबरोबर गिळला. म्हटलं, फुटू दे. फुटलं की कळंल कार्ड कुणाच्या गळ्यात पाहिजे हुतं. दुसऱ्या दिवशीही ऐकलं आणि दुसऱ्या दिवशीही गप्प बसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी ही लवकर निघाली. पदर खोचत म्हणाली, "आज आवळ्याचं सरबत भरायचंय. कढतच भरायचं, म्हंजे टिकतं. बाटल्या मी धरनार हाय. दुसऱ्या बाया चटक्याला भितात."

हिच्या हातात कढत सरबत आणि मुकी बाटली. मी चप्पल न घालताच मागोमाग पळालो.

केंद्रात सरबताचं पातेलं चुलीवरून उतरलं होतं. "थांबा!" मी ओरडलो आणि क्रेटपाशी बसलो. वळं वाजवत गेलो. मुक्या निघतील तशा बाजूला ठेवल्या.

मास्तरनं एक उचलून उन्हाकडं धरली. "अरे, हिला कुठं काय झालंय?"

"ती दिसत न्हाई. ऐकू येती."

बाटली जमिनीवर ठेवून मी लांबूनच तिच्यात उकळतं पाणी ओतलं. कट्‌ झालं आणि पाणी सगळ्यांच्या पायाशी पसरलं. बाटली उचलली तर बूड जमिनीवरच राहिलं. बाया दोन पावलं मागं सरकल्या.

मास्तरनं वाकून ते बूड बघितलं. मग त्यानं गळ्यातलं कार्ड काढलं आणि माझ्यापुढं धरलं. "माझ्या कानाला दोन्ही आवाज सारखेच रे. तूच घाल हे."

माझा हात पुढं झालाही. पण कार्डावर फोटो त्याचा होता.

तेवढ्यात ही बायांना म्हणाली, "मी निर्धास्त हुते. दोन दिवस हे समोर बसूनच हुते की. म्हटलं, मुकी बाटली असती तर यांनी तवाच बोंब मारली असती."

मी मान वर केली नाही. उरलेल्या बाटल्या वाजवत बसलो.

आता मास्तरशेजारी मला स्टूल आहे. मी टिचकी मारतो. मास्तर आवाज ऐकत नाही, माझं तोंड बघतो आणि खूण करतो. साहेब आले की हात मास्तरशीच मिळवतात. ही अजून त्यालाच सर म्हणते. मी अजूनही जळतो.

त्या दोन दिवसांचं मी हिला तोंडानं सांगू शकलो नाही, म्हणून लिहून काढलं. हिला वाचता येत नाही. वाचून दाखवायला हिचे सरच लागतील.