पहिल्या पाण्याचा मान

औरंगाबादच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. सिल्लोड रस्त्यावर एका विहिरीत काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये पांढरट थर लागल्याचं कळलं, म्हणून मुद्दाम गेलो.

खोदणारा म्हातारा दगडावर आधी तळहात टेकवायचा, मगच पहार लावायचा. त्यानं वर आणलेल्या दगडात बारीक शंख होते.

"बाबा, डोंगराएवढे प्राणी मेले, त्यानंतरच्या तळ्यातल्या ह्या गोगलगायी. पुढं तळ्यावर लाव्हा आला."

"येवढाले मेले आन् ह्या बारक्या ऱ्हायल्या?" म्हातारा लहान मुलासारखा हसला. पण मी दगड मागितला तर म्हणाला, "पाणी लागंस्तोर नाय, सर."

मी रोज जात राहिलो. चौथ्या दिवशी पाणी लागलं. मालकानं नारळ फोडला आणि देवाला वाहायला पहिला तांब्या भरला. म्हाताऱ्यानं तो हातातून घेतला आणि सरळ त्या दगडावर ओतला.

"अरे, देवाच्या आधी दगडाला?" मालक ओरडला.

"मालक, तळं ह्यांचं हुतं."

मग त्यानं दगड धोतरानं पुसून मला दिला.

आजही वर्गात दाखवण्याआधी मी त्यावर थोडं पाणी ओततो. ओल्या दगडात शंख नीट दिसतात, असं मुलांना सांगतो.