सोमवारचं मौन

खरं सांगते, त्या दिवसांत महादेवावरचा माझा विश्वास उडत चालला होता. उजव्या गालात वीज शिरावी तशी कळ यायची. घास चावला, तोंड धुतलं, दोन शब्द बोलले की संपलंच. शहाद्याला आधी दोन दाढा काढून झाल्या, मग कळलं की दुखणं दाढेचं नाहीच, चेहऱ्याच्या नसेचं आहे. नाशिकला ऑपरेशन सांगितलं. विम्याची मंजुरी मिळाली तरच ते आम्हाला झेपणार होतं.

मी पडले हट्टी बाई. गुण यावा म्हणून नवस बोलले, दर सोमवारी सूर्य मावळेपर्यंत मौन. आणि विमा कंपनीच्या डॉक्टरांचा फोन आला तोही नेमका सोमवारी! दुखणं पॉलिसीच्या आधीचं की नंतरचं, हे त्यांना पेशंटच्याच तोंडून ऐकायचं होतं. आमच्या ह्यांनी फोन पुढे करून अक्षरशः हात जोडले, "दोन शब्द बोल ना वं." मी मान हलवली. देवाला दिलेला शब्द मोडायचा कसा? आठ दिवसांत मंजुरी नाकारल्याचा कागद आला. हे मला एका शब्दाने बोलले नाहीत, पण दिवसभर जेवलेही नाहीत. मला माझीच चीड आली, आणि देवाचीही.

ह्यांनी पुन्हा अर्ज केला, या वेळी माझा नंबर देऊन. पुढे एका सोमवारी मी प्रकाशा गावी केदारेश्वराच्या देवळाच्या पायरीवर बसले होते आणि फोन वाजला. मी नुसती बघत राहिले. शेजारी बेल विकणारी म्हातारी, ओळख ना पाळख, वैतागून म्हणाली, "उचल ना वं माय! देव कोठे पळी जाई ऱ्हायना?" आणि तिनेच बटण दाबून फोन माझ्या कानाला लावला.

बोलले मी. शब्दागणिक कळ, डोळ्यांतून धारा. पॉलिसी तीन वर्षांची, दुखणं दीड वर्षाचं, एवढंच सांगायचं होतं, पण जीव जातो की काय असं झालं. म्हातारीने माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

मंजुरी आली, तीही पूर्ण नाही. उरलेल्याचे दवाखान्याने हप्ते बांधून दिले, ते अजून चालूच आहेत. ऑपरेशननंतर कळ थांबली, अर्धा गाल मात्र बधिर झाला. नंतर प्रकाशाला गेले तेव्हा म्हातारी तिथेच होती. तिने मला ओळखलंही नाही, बेलाचे पैसे तेवढे मागितले. मी मनोमन तिच्या पाया पडले. मौन महादेवाने मागितलंच कधी होतं? हट्ट माझा होता, तो त्याने तिच्या हातून सोडवला.

दुखणं परत उलटू शकतं, असं डॉक्टर म्हणतात. उलटेल तेव्हा उलटेल, त्याची मर्जी. त्या दिवशी सोमवार असला तरी मी बोलेन.