उकळी येईपर्यंत

माझी मोठी जाऊ वतफा. तिच्या हातच्या मन्सफला, म्हणजे ताकात शिजवलेल्या मटणाला, आमच्या करक गावाच्या पंचक्रोशीत तोड नाही. कुणाचंही लग्न असो, डाव हिच्याच हातात. पण रकान, तिचा एकुलता एक मुलगा, गेला आणि बाईने वर्षभर मोठ्या पातेल्याला हात लावला नाही. दुसऱ्या घराण्यातल्या फवाजच्या पिकअपने त्याला वळणावर उडवलं होतं.

त्या दुपारी फवाजच्या घराण्यातले चाळीस पुरुष माफी मागायला आमच्या बैठकीत येऊन बसले. माफी मिळाली तर कॉफी प्यायची, मन्सफ जेवायचं, वैर संपलं. नाही मिळाली तर भरले कप तसेच सोडून उठायचं, आणि उद्यापासून आमची पोरं त्यांच्या पोरांच्या मागावर. त्यात माझे दोघे!

आणि ह्या बयेने सकाळीच बाह्या सरसावल्या होत्या. "मीच ढवळणार."

मन्सफसाठी जमीदचं, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांचं, ताक उकळी येईपर्यंत एकाच दिशेने ढवळावं लागतं. हात थांबला की फाटलंच. मी तिच्या हाताकडे बघत होते. तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

मधले दीर दैफुल्ला बाहेर आले. घरातले कर्ते, पण वतफाच्या होकाराशिवाय माफी देणार नाही अशी त्यांनी शपथ घेतलेली. "वहिनी, कॉफी गार झाली. काय सांगू त्यांना?"

"उकळी येऊ द्या."

"लोक उठायला लागलेत!"

"मग उठू द्या, भाऊजी. मला हात थांबवता येत नाही."

मला राहवेना. "हो म्हण ना गं बाई! माझी पोरं आहेत गं!"

"माझं नव्हतं?" तिने विचारलं. डाव फिरतच होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी कडेने बुडबुडे आले, ताक वर चढलं. फाटलं नाही. वतफाने डाव बाजूला ठेवला. "त्या फवाजला इथे बोलवा."

पंचविशीचा गडी, मान खाली घालून उभा राहिला.

"शुक्रवारी रकान माझ्यासमोर बसून जेवायचा," ती म्हणाली. "आता कुणासाठी रांधू, मला कळत नाही. तू यायचंस. दर शुक्रवारी, मी मरेपर्यंत. कबूल असेल तर जा, कॉफी प्या सगळे."

त्याला रडूच फुटलं. "येईन, काकी."

"आणि घरून खाऊन आलास तर याद राख."