दाईमायचं मानपत्र

शाळेत मी मराठी शिकवायचो आणि उरलेल्या वेळात मानपत्रं लिहायचो. नागपूर राजधानी होतं तोवर या कामाला तोटा नव्हता. मंत्री, सचिव, त्यांचे व्याही, सगळ्यांचे सत्कार होत आणि मजकूर माझ्याकडून जाई. शब्द मी अगदी तोलूनमापून द्यायचो. ज्याचं छायाचित्र वर्तमानपत्रात येई तो 'प्रसिद्ध'. चार दिवसांनी त्याच कागदात कोणी चिवडा बांधून नेला की प्रसिद्धी संपली. परगावचे लोक ज्याचं घर विचारत येत, त्याची 'ख्याती'. 'लौकिक' घराण्याला नाहीतर पेढीला. तो सांभाळावा लागतो, म्हणून त्यात थोडी धास्तीही असते. 'कीर्ती' मी जिवंत माणसाला सहसा देत नसे, पण मंत्रीच असला तर देऊन टाकायचो. या ज्ञानाची मला भारी घमेंड होती.

छप्पन साली राजधानी गेली. मोठी माणसं कोणी भोपाळला गेली, कोणी मुंबईला, आणि माझी विशेषणं घरात पडून राहिली. अशात गोळीबार चौकापलीकडचे दोन विणकर माझ्याकडे आले. त्यांना त्यांच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या दाईचं मानपत्र हवं होतं.

"तिला ओळखतं कोण?" मी विचारलं.

"आमी सारे, मास्तर. आमी तिच्याच हातचे."

"आणि गल्लीबाहेर?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "बाहेर काहून ओळखन कोणी? तिच्या हाताले यश आहे, बस."

मला हसू आलं. घरात माझ्या बायकोला तेव्हा सातवा महिना चालू होता. पहिलीच खेप, आणि तिने जिवाची धास्ती घेतली होती. शहरातल्या सगळ्यात नामांकित डॉक्टरीणबाईंकडे मी नाव घालून ठेवलं होतं. त्यांचं मानपत्रही मीच लिहिलेलं. ते मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं, तरी तिची भीती काही जाईना.

विणकरांनी मानपत्रासाठी लाल काठाचं पांढरं कापड मुद्दाम विणून आणलं. त्यावर मी शाईने वळणदार अक्षर काढलं. 'हाताला यश' फार साधं वाटलं, म्हणून मी ते सजवलं: 'ज्यांच्या हातांना अपयश ठाऊक नाही.' हे वाक्य मी पूर्वी एका वकिलासाठी वापरलं होतं.

सत्काराच्या दुपारी गल्लीतले सगळे माग बंद होते. बायकोही हट्टाने माझ्याबरोबर आली होती. दाईमाय खुर्चीवर अवघडून बसली होती. हार तिने गळ्यातून काढून मांडीवर ठेवला होता. मी खड्या आवाजात वाचायला लागलो. अपयशाच्या वाक्यापाशी तिने हात वर केला.

"थांबा, मास्तर. हे कोनं सांगतलं तुमाले?"

"मानपत्रात असंच लिहितात, बाई."

"लिहीत असन. ते निळ्या लुगड्यातली पोरगी पाहा. तिचं पैलं लेकरू माह्या हातात गेलं. तिच्यासमोर तुमी हे वाचून राहिले?"

मग दाईमाय उठून उभी राहिली आणि एकेक घर सांगू लागली. अशी सात घरं. कोणाच्या घरी, कोणत्या ऋतूत, कोणतं लेकरू एकदा रडलं आणि कोणतं रडलंच नाही. शेवटच्या दोन घरी लेकराबरोबर आईही गेली होती. आवाज चढला नाही, डोळ्याला पदर लागला नाही. इतके सत्कार मी जवळून पाहिले होते; स्वतःच्या सत्कारात उभं राहून आपलं हरणं असं घरोघर सांगणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.

निळ्या लुगड्यातली बाई उठून पुढे आली. "मंग त्याच्या पुढच्या दोन्ही खेपेले मी तुलेच बोलावलं ना वं माय? लेकरू गेलं तवा तीन दिवस माह्यापाशी बसून होती तू. घरचे बी नव्हते बसले."

मी खिशातलं पेन काढून ते वाक्य सगळ्यांसमोर खोडलं. शाई कापडात पसरली आणि शेजारच्या दोन ओळीही वाचता येईनाशा झाल्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक एकेक करून पुढे येऊन तिच्या पाया पडले, आणि माझ्यासारखा ताठ मानेचा माणूसही त्या रांगेत उभा राहिला.

परतताना टांग्यात बायको म्हणाली, "अहो, माझ्या वेळी मला हीच हवी."

"आत्ताच सात घरं ऐकलीस ना तू?"

"ऐकली म्हणूनच म्हणते," ती म्हणाली. कित्येक दिवसांनी तिचा आवाज थरथरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाईमायच्या दारात जाऊन उभा राहिलो. रात्रभर मनात जुळवलेले माफीचे शब्द मला आठवेनात. तिने मानपत्राचा विषयसुद्धा काढला नाही. "कितवा चालू आहे?" एवढंच विचारलं, आणि माझं उत्तर ऐकता ऐकताच दाराला कडी घालून माझ्यापुढे चालू लागली.